मारामारीची पानं हरणाऱ्याच्या बाजूने वाचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही २४ पानांचं सुपरहिरो कॉमिक काढताय, मधली सहा पानं दोन नायकांची मारामारी आहे, आणि ज्या मित्रांना कच्ची पानं दाखवलीत त्यांनी नेमकी तीच भराभर उलटली. म्हणून तुम्हाला कॉमिक्सच्या इतिहासातल्या दहा गाजलेल्या मारामाऱ्यांची यादी हवी आहे, म्हणजे त्या बघून शिकता येईल.

नावं मी देणारच आहे, पण दहाचा आकडा मोजत बसणार नाही. तुमच्या अडचणीचं मूळ मला वेगळं दिसतंय. सुपरहिरोचं कॉमिक हातात घेणाऱ्याला नायक तरणार हे मुखपृष्ठ पाहूनच कळलेलं असतं. त्यामुळे ‘कोण जिंकेल?’ या एकाच प्रश्नावर सहा पानं उभी केलीत, तर वाचक सहावं पान बघतो आणि मोकळा होतो. तुमच्या मित्रांनी आळस केला असं मला वाटत नाही. मधल्या पानांत नवं काही कळणार नाही, हे त्यांनी बरोबर हेरलं.

मी चित्रकथा काढते आणि चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना शिकवते. वर्गात मी हटकून विचारते, तुम्हाला आठवणारी एक मारामारी सांगा आणि तिच्यातलं एकच चित्र वर्णन करा. मुलं जे चित्र सांगतात त्यात जिंकणाऱ्याचा ठोसा फार क्वचित असतो. बहुतेक वेळा असतो तो पडलेला आणि पुन्हा उठू पाहणारा माणूस, किंवा जिंकता येत असताना थांबलेला हात. माझं या विषयावरचं सगळं मत त्यातून तयार झालंय: मारामारी लक्षात राहते ती दुबळ्या बाजूमुळे. ज्याचं बळ कमी पडतंय तो काय करतो, काय सोडतो, कशाला चिकटून राहतो, हे पानावर दिसलं की वाचक थांबतो.

अर्थात काही गोष्टी तुमच्या कॉमिकवर अवलंबून आहेत. तुमचे दोन्ही नायक वाचकाला आधीपासून ओळखीचे असतील तर भिडण्याचं कारण एका चौकटीत सांगून भागतं. नवे असतील तर मारामारीच्या आधीची पानं जास्त महत्त्वाची. वाचक दहा वर्षांचा असेल तर रक्त आणि मरण यांचा हिशेब वेगळा. काळ्या-पांढऱ्यात काढत असाल तर दोघांच्या अंगकाठीत आणि पोशाखाच्या काळ्या भागात ठळक फरक ठेवावाच लागेल, नाहीतर गुंतलेले हातपाय कुणाचे तेच कळत नाही. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून मी सर्वसाधारण बोलते.

सर्वांत आधी ‘डेअरडेव्हिल’चा सातवा अंक वाचा. १९६५ सालचा आहे, कथा स्टॅन ली यांची, चित्रं वॉली वूड यांची. डेअरडेव्हिलचा लाल पोशाख पहिल्यांदा याच अंकात आला, म्हणून संग्राहक त्याच्या मागे असतात. माझ्या लेखी त्याचं मोल मारामारीत आहे. समोर आहे नेमॉर, अटलांटिसचा राजा. हल्कसारख्यांशी दोन हात करणारा, उडणारा, पाण्यात जवळपास अजिंक्य. आणि या बाजूला मॅट मर्डॉक म्हणजेच डेअरडेव्हिल, एक आंधळा वकील. त्याच्या बाकीच्या संवेदना विलक्षण तीक्ष्ण आहेत, पण अंगात माणसाइतकंच बळ आहे.

सुरुवात कशी केलीय ते बघा. नेमॉर न्यूयॉर्कला येतो तो मारामारीसाठी नव्हेच. त्याला जमिनीवरच्या माणसांवर खटला भरायचा आहे. आमच्या वाट्याची जमीन तुम्ही बळकावलीत, असं त्याचं म्हणणं. त्यासाठी तो वकिलाच्या कचेरीत येतो, आणि ती कचेरी मर्डॉकची असते. म्हणजे पुढे जे दोघं भिडणार आहेत ते आधी वकील आणि अशील म्हणून भेटतात. दोघांचंही म्हणणं वाचकाला पटतं. मग मागे अटलांटिसमध्ये त्याचाच सरदार क्रँग बंड करतो, नेमॉरला तातडीने परत जायचं असतं, कोर्टाच्या तारखांसाठी थांबायला तो तयार नसतो. तो ज्या कोठडीत खटल्याची वाट बघत असतो ती फोडून निघतो, समोर लष्कर उभं राहतं, आणि रक्तपात होऊ नये म्हणून डेअरडेव्हिल मध्ये पडतो.

आता कोण जिंकणार याबद्दल कुणालाच शंका नाही. स्वतः डेअरडेव्हिललाही नाही. तो मार खातो, पडतो, उठतो, पुन्हा पडतो. वूड यांनी काय केलंय तर प्रत्येक वेळी त्याचं उठणं वेगळं काढलंय. पहिल्यांदा तो उडी मारून उठणारा कसरतपटू असतो, शेवटी नुसतं अंग ओढणारा माणूस. नेमॉरचं शरीर मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत तसंच ताठ राहतं. हा फरकच कथा सांगतो. आणि नेमॉरच्या मनात हळूहळू आदर तयार होतो. इतक्या बलवान शत्रूंशी लढलो, पण हा माणूस त्या सगळ्यांहून धीट आहे, असं त्याला वाटतं आणि तो त्याला न मारता निघून जातो. डेअरडेव्हिल हरला, तरी त्याला जे साधायचं होतं ते बऱ्याच अंशी साधलं. इथे ‘कोण जिंकेल?’ हा प्रश्न कधी मागे पडला ते कळतही नाही. त्याच्या जागी आलेला प्रश्न आहे, ‘हा अजून किती वेळा उठेल, आणि कशासाठी?’ त्या प्रश्नावर वाचक पान उलटतो.

याच्या एक वर्ष आधी, १९६४ मध्ये, ‘फँटॅस्टिक फोर’च्या २५व्या आणि २६व्या अंकांत ली आणि जॅक कर्बी यांनी थिंग आणि हल्क यांची लढत केली. ताकदीची मारामारी काढायची असेल तर अजूनही पहिला धडा हाच. थिंगचे साथीदार, रीड आजारी आणि जॉनी इस्पितळात, म्हणजे त्याला, बेन ग्रिमला, मदत करणारं जवळ फारसं कुणी नाही. हल्क त्याच्याहून बलवान आहे आणि राग वाढेल तसा आणखी बलवान होतो. बेन मात्र दमतो. एकाची ताकद चढत जाते, दुसऱ्याची उतरत जाते, आणि कर्बी ते पानापानांतून चढवत नेतात. कर्बींच्या ठोशांकडे नीट बघा. मूठ जबड्याला टेकलेली चौकट त्यांच्याकडे कमीच सापडेल. मूठ पुढे निघून गेलेली असते, मार खाणारा हवेत मागे फेकला गेलेला असतो, आणि आपला डोळा मधला क्षण आपणच भरून काढतो. तुम्ही पाठवलेल्या पानांपैकी दोन पानांत नऊ ठोसे आहेत आणि नऊच्या नऊ टेकलेल्या मुठीचे आहेत. म्हणून ती माणसं पुतळ्यांसारखी गोठलेली दिसतात. हात पुढे जाऊ द्या.

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की दोन नायकांपैकी कुणालाही हरवायचं नाही, कारण दोघंही मालिकेत पुढे हवे आहेत. ही अडचण सुपरहिरो कॉमिक्सइतकीच जुनी आहे. १९४० साली ‘मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स’च्या आठव्या-नवव्या अंकांत ह्यूमन टॉर्च आणि सब-मरिनर म्हणजे हाच नेमॉर यांची झुंज झाली. एक आगीचा, एक पाण्याचा. टॉर्च कार्ल बर्गोस यांचा, नेमॉर बिल एव्हरेट यांचा. दोन निर्मात्यांची पात्रं एकाच कथेत अशा जोरात भिडण्याची अमेरिकन कॉमिक्समधली ही पहिली मोठी वेळ. आठव्या अंकात तोच संघर्ष दोन कथांत येतो, एकदा टॉर्चच्या बाजूने, एकदा नेमॉरच्या. ही युक्ती मला आजही फार आवडते; ज्याची कथा चालू आहे त्याचंच बरोबर वाटतं. नवव्या अंकात दोघं मनसोक्त लढतात, आणि दहाव्यात बेटी डीन ही पोलीस खात्यातली तरुणी मध्ये पडून समेट घडवते. तेही एका पानात. शेवट घाईचा आहे, हे मान्य. पण अनिर्णित मारामारी चालते, फक्त तिला थांबवणारं कारण दोघांच्या बाहेरून आणि पटेल असं यायला हवं.

कारण पटलं नाही तर काय होतं त्याचं उदाहरण १९९६ ची ‘डीसी विरुद्ध मार्व्हल’ ही चार अंकांची मालिका. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे नायक समोरासमोर, आणि त्यातल्या पाच मुख्य लढतींचा निकाल वाचकांच्या मतांनी ठरला. सुपरमॅनने हल्कला, बॅटमॅनने कॅप्टन अमेरिकाला, स्पायडरमॅनने सुपरबॉयला, स्टॉर्मने वंडर वुमनला, वूल्व्हरीनने लोबोला हरवलं. मतदानाची कल्पना मुलांसाठी मोठी मजेची होती, पण कथा म्हणून या लढती पोकळ राहिल्या, कारण निकालाचं कारण कथेत नव्हतंच. वूल्व्हरीन आणि लोबो तर एका बारच्या काउंटरमागे दिसेनासे होतात आणि जिंकलेला वूल्व्हरीन उठून उभा राहतो. मधलं काही आपल्याला दिसत नाही.

त्याच्या वीस वर्षं आधीची जोडी यापेक्षा हुशारीने केलेली होती. १९७६ मध्ये याच दोन कंपन्यांनी पहिल्यांदा आपले सुपरहिरो एका कथेत आणले, सुपरमॅन आणि स्पायडरमॅन. कथा जेरी कॉनवे यांची, चित्रं रॉस अँड्रू यांची. सुपरमॅनला स्पायडरमॅन ठोसा लगावूच शकत नाही, हे दोन्हीकडच्या वाचकांना ठाऊक. म्हणून सुपरमॅनचा शत्रू लेक्स लूथर गुपचूप लाल सूर्याच्या किरणांचा मारा करतो, ज्यांच्यापुढे सुपरमॅनची शक्ती टिकत नाही, आणि स्पायडरमॅनच्या ठोशाने सुपरमॅन लांब फेकला जातो. किरणांचा असर ओसरल्यावर तोच स्पायडरमॅन ठोसे मारत सुटतो आणि सुपरमॅनला काहीच होत नाही. दुखतात ते मारणाऱ्याचे हात. ही गंमत दोन्ही पात्रांना शोभते, आणि भांडण लागलंय ते खलनायकाच्या कारस्थानामुळे हे वाचकाला आधीच माहीत असल्याने कुणीच लहान होत नाही.

लाल सूर्यावरून १९७८ चा सुपरमॅन आणि मुहम्मद अली यांचा सामना आठवतो. डेनिस ओ’नील आणि नील अ‍ॅडम्स यांचा हा मोठ्या आकाराचा विशेषांक. परग्रहावरून आलेल्यांनी पृथ्वीला धमकावलंय आणि पृथ्वीच्या वतीने कोण लढणार हे ठरवायला आधी या दोघांनी मुष्टियुद्ध खेळायचं आहे, तेही लाल सूर्याखाली, म्हणजे सुपरमॅनच्या शक्ती गेलेल्या. अली हा खराखुरा जगज्जेता. तो सुपरमॅनला बेदम मारतो. सुपरमॅनचा चेहरा सुजून जातो, पण तो खाली पडत नाही. शेवटी अलीच सामना थांबवायला सांगतो. अली जिंकल्याचं जाहीर होतं आणि मग सुपरमॅन तोंडावर आपटतो. अ‍ॅडम्स यांना माणसाची शरीररचना इतकी पक्की ठाऊक होती की गुडघे कधी वळणार हे आपल्याला दोन चौकटी आधीच जाणवतं. इथेही बघा, लक्षात राहतो तो न पडणारा माणूस. आणि जिंकणाऱ्या अलीचा मोठेपणा कशात दाखवलाय? त्याने हात थांबवला यात.

आतापर्यंतचं सगळं पात्रांबद्दल झालं. पानाबद्दल बोलायचं तर एका अंकाला पर्याय नाही, ‘सुपरमॅन’चा ७५वा. १८ नोव्हेंबर १९९२ ला तो विक्रीला आला आणि त्यात डूम्सडे या राक्षसाच्या हातून सुपरमॅन मेला. बातम्यांत त्याचा गाजावाजा झाला तो मरणामुळे. चित्रकारांनी मात्र त्याची रचना अभ्यासावी. तेव्हा सुपरमॅनच्या चार मालिका होत्या आणि कथा एकीतून दुसरीत वाहत होती. शेवटच्या चार अंकांत त्यांनी असं ठरवलं: पहिल्या अंकात दर पानाला चार चौकटी, पुढच्यात तीन, त्यापुढच्यात दोन, आणि डॅन जर्गन्स यांच्या ७५व्या अंकात प्रत्येक पान म्हणजे एकच चित्र.

हे मोजायला वाचक बसत नाही, पण त्याच्या वाचण्याच्या गतीत ते उतरतं. चार चौकटींच्या पानावर डोळा धावतो, गावं मागे पडतात, माणसं ओरडतात, बातमीदार बोलतात. तीनच्या पानावर बोलणं कमी होतं. दोनवर आल्यावर शहर दिसेनासं होऊन दोन देहच उरतात. आणि शेवटच्या अंकात पान उलटणं हाच एकेक घाव होतो. दोघं एकाच वेळी एकमेकांना शेवटचा ठोसा मारतात आणि दोघंही कोसळतात. प्रेयसी लोइस लेनच्या मांडीवर सुपरमॅन प्राण सोडतो. चित्रं म्हणून पाहिलं तर यातली काही पानं साधारण आहेत, असं मी प्रामाणिकपणे म्हणेन. पण चौकटींच्या संख्येने शेवट जवळ आणण्याचं हे काम इतकं साधं आणि इतकं परिणामकारक आहे की सहा पानांतही ते करून बघता येतं. तुमच्या सहाही पानांवर पाच-पाच चौकटी आहेत. सगळ्या पानांचा श्वास एकसारखा चालतो, म्हणून ती सपाट वाटतात.

मोठं चित्र नेहमीच मोठा परिणाम करतं असं मात्र समजू नका. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ १२१, साल १९७३. लेखक जेरी कॉनवे, चित्रं गिल केन आणि जॉन रोमिता यांची. खलनायक ग्रीन गॉब्लिन स्पायडरमॅनच्या प्रेयसीला, ग्वेन स्टेसीला, पुलाच्या मनोऱ्यावर नेतो, झटापटीत ती खाली पडते, स्पायडरमॅन जाळं फेकून तिचा पाय धरतो. पकडली, वाचली, असं त्याला वाटतं. आणि तिच्या मानेजवळ अगदी बारीक अक्षरांत ‘स्नॅप’ असा आवाज लिहिलेला आहे. पुढे एका अंकात वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना मार्व्हलकडून सांगितलं गेलं की झटक्याने थांबल्यामुळेच तिचा जीव गेला. सुपरहिरोंच्या कॉमिक्समधला सर्वांत भयंकर आवाज त्या पानावरच्या सर्वांत लहान अक्षरांत आहे. मी शिकवताना हे पान नेहमी काढते, कारण नवे चित्रकार आवाजाचं अक्षर अर्धं पान व्यापेल एवढं करतात आणि मग सगळेच आवाज सारखे होतात.

पुढचा १२२वा अंक मला त्याहून थोर वाटतो. स्पायडरमॅन गॉब्लिनला शोधून काढतो, मारत सुटतो, आणि जीव घेण्याच्या उंबरठ्यावर थांबतो. गॉब्लिन मरतो तो स्वतःच्याच उडत्या यंत्रामुळे. पीटरला, म्हणजे स्पायडरमॅनला, त्यातून काहीही समाधान मिळत नाही. तो घरी येतो, मैत्रीण मेरी जेन तिथे असते, तो तिला तोडून बोलतो, ती निघते, दारापाशी थांबते, आणि दार आतून लावून घेते. मारामारीचा खरा शेवट या शब्द नसलेल्या चौकटींत आहे. एकही ठोसा नाही. सहा पानांच्या मारामारीनंतर अशी अर्ध्या पानाची जागा ठेवा, एवढं मी आग्रहाने सांगेन.

फ्रँक मिलर यांची १९८६ ची ‘द डार्क नाइट रिटर्न्स’ तुम्ही बहुधा वाचली असेल, निदान बॅटमॅन-सुपरमॅनच्या भिडण्यासाठी. मी तुम्हाला आधी दुसऱ्या भागातली टोळीच्या म्होरक्याशी झालेली लढत वाचायला सांगेन. वय झालेला बॅटमॅन चिलखती गाडीतून उतरतो आणि तरुण, धिप्पाड म्होरक्याशी हातांनी लढायला जातो. तरुण असल्यासारखा लढतो आणि हरतो, मरता मरता वाचतो. दुसऱ्यांदा तो जागाच बदलतो. चिखलात लढतो. चिखलात वेग कामाचा राहत नाही, आणि वेग हीच तर समोरच्याची जमेची बाजू होती. मग तो शांतपणे एकेक सांधा निकामी करत जातो. टोळीचे सगळे पोरगे बघत असतात, त्यांच्यासमोर म्होरक्या पडणं गरजेचं असतं. एकच जोडी, दोन मारामाऱ्या, आणि मधे नायक काहीतरी शिकलाय हे वाचकाला दिसतं. मारामारीत जागा नुसती पार्श्वभूमी नसते, ते हत्यार असतं. तुमची लढत कुठे घडते हे मला तुमच्या पानांवरून कळलं नाही. मागे नुसत्या रेघा आहेत. ती गोदीत आहे का, गच्चीवर, रेल्वेच्या पुलावर? जागा ठरली की कोणाला ती फायद्याची हेही ठरतं, आणि कथा आपोआप पुढे सरकते.

चौथ्या भागातली सुपरमॅनशी लढतही याच सूत्रावर आहे. बॅटमॅन जागा निवडतो ती आईवडिलांचा खून झाला ती गल्ली. सुपरमॅन अणुस्फोटातून कसाबसा वाचलेला, अजून पूर्ण सावरलेला नाही. बॅटमॅनच्या अंगावर चिलखत, शहराची वीज त्याच्या मुठीत, आणि एक हात गमावलेला तिरंदाज ऑलिव्हर क्वीन सुपरमॅनला दुबळं करणाऱ्या क्रिप्टोनाइटचा बाण घेऊन दबा धरून बसलेला. तो बाण दातांत दोरी धरून सोडतो. हे सगळं जमवूनही बॅटमॅन जिंकतो तो क्षणभरच. त्याचं हृदय बंद पडतं, आणि तेही त्याने आधीच योजलेलं असतं. त्याला सुपरमॅनला मारायचं नव्हतं, आपल्याला हरवणारा एक माणूस होता हे त्याच्या कायम लक्षात राहावं एवढंच हवं होतं. या पुस्तकाची पानं १६ चौकटींच्या जाळीवर बेतलेली आहेत, त्यामुळे मिलर जेव्हा जाळी मोडून पूर्ण पानाचं चित्र देतात तेव्हा छातीत धस्स होतं. लिन व्हार्ली यांचे मळकट, फिकट रंगही बघा.

आणखी एक छोटी लढत, जिचं नाव याद्यांत फारसं येत नाही: ‘अनकॅनी एक्स-मेन’ २०१, १९८६. एक्स-मेन या चमूतल्या स्टॉर्मच्या शक्ती गेलेल्या आहेत. त्याच चमूतल्या सायक्लॉप्सचे डोळे पर्वत फोडू शकतात. एक्स-मेनचं नेतृत्व कुणाकडे, यासाठी दोघं सरावाच्या दालनात लढतात आणि बिनशक्तीची स्टॉर्म जिंकते, त्याचा चष्मा काढून घेऊन. सायक्लॉप्सला चष्म्याशिवाय डोळे उघडताच येत नाहीत. त्याची सर्वांत मोठी ताकद हीच त्याची अडचण, हे वाचकाला वर्षानुवर्षं माहीत होतं. क्रिस क्लेअरमाँट यांनी ते नेमक्या वेळी वापरलं. तुमच्या दोन्ही नायकांच्या शक्तीला अशी एक खोट आहे का, आणि ती पहिल्या दहा पानांत वाचकाने पाहिलीय का, हे तपासा. पहिल्यांदाच मारामारीत सांगितलेली खोट लबाडी वाटते.

लढतीची किंमत आजूबाजूच्यांनी मोजावी लागते, हा मुद्दा तुमच्या कॉमिकच्या वयोगटावर सोडते. मोठ्यांसाठी असेल तर ‘मिरॅकलमॅन’चा १५वा अंक वाचा, ॲलन मूर आणि जॉन टॉटलबेन, १९८८. देवासारख्या शक्तीची माणसं खरोखर एका शहरात लढली तर त्या शहराचं काय होईल, ते टॉटलबेन यांनी लंडन काढून दाखवलंय. शेवटी हा विध्वंस करणारा राक्षस पुन्हा एक लहान मुलगा होतो आणि नायकाला त्या मुलाला मारावं लागतं. हे पान मी विद्यार्थ्यांना दाखवण्याआधी विचार करते. यापेक्षा सौम्य रूपात हेच हवं असेल तर ‘सिव्हिल वॉर’च्या सातव्या अंकात, २००७ मध्ये, कॅप्टन अमेरिका आयर्न मॅनवर हात उगारलेला असताना साधी माणसं त्याला धरतात. तो आजूबाजूला बघतो, मोडलेलं शहर त्याला दिसतं, आणि तो शरण जातो. जिंकत असलेला माणूस थांबतो. त्या मालिकेतल्या इतर बऱ्याच गोष्टी मला पटत नाहीत, पण हे पान पटतं.

आता तुमच्या सहा पानांकडे येते. मी असते तर काय केलं असतं ते सांगते. तुमची कथा तुम्हाला जास्त माहीत. पहिलं, सहावं पान झाकून ठेवून बाकीची पाच एखाद्या नव्या माणसाला द्या आणि विचारा, यातला दमलेला कोण? त्याला सांगता आलं नाही, तर दोघांच्या देहबोलीत फरक पडलेला नाही. दुबळा कोण हे ठरवा आणि त्याचं प्रत्येक उठणं वेगळं काढा, वूड यांच्यासारखं. दुसरं, चौकटी मोजून कमी करत न्या: सहा, पाच, चार, तीन, दोन आणि शेवटी एक, किंवा तुम्हाला जमेल तसं, पण ठरवून. तिसरं, ठोसे निम्मे करा. उरलेल्या जागेत मार खाणाऱ्याचा चेहरा येऊ द्या, आणि मार देणाऱ्याचाही, कारण दोघं नायक आहेत आणि मारणाऱ्याला ते आवडत नसणार. लढत थांबवायला तुम्ही शेवटी अचानक स्फोट घातलाय. त्याऐवजी तुमच्याच कथेतल्या, आठव्या पानावरच्या त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला मध्ये आणा. बेटी डीनचं काम तो करू शकतो, आणि वाचकाला तो आधीपासून ठाऊक आहे.

रंग आणि शाई एवढ्यात नको. पेन्सिलीचं कच्चं रेखाटनच पुन्हा करा, अंगठ्याच्या नखाएवढी सहाही पानं एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडा, म्हणजे गती एका नजरेत दिसेल. वाचायला सुरुवात ‘डेअरडेव्हिल’ ७ आणि ‘स्पायडरमॅन’ १२१-१२२ पासून करा. हे अंक संग्रहांच्या रूपात पुन्हा पुन्हा छापले गेलेत, मूळ अंकांवर पैसे घालवायची गरज नाही. ‘डार्क नाइट’ त्यानंतर वाचा, नाहीतर सगळं मिलर यांच्यासारखं काढावंसं वाटतं आणि ते सहा पानांत मावत नाही. नवी रेखाटनं झाली की इथेच टाका, आठवं पानही सोबत असू द्या.